यादीतला फोन

त्याला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक होता म्हणून नव्हे; पोट चांगलं सुटलेलं होतं. शर्टाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला तो कायम एक टाचणी खोचून ठेवी, म्हणून. राउटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दहापर्यंत आकडे मोजले की राउटर शिकलेलं सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तसा कोरा होतो. मग त्याला नाव द्यायचं, पासवर्ड द्यायचा, घरातल्या माणसाचा फोन जोडून द्यायचा, सही घ्यायची आणि जिना उतरायचा. दहातल्या सात तक्रारी एवढ्यावर मिटतात. उरलेल्या तीन दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येतात.

पूर्वी तो असा नव्हता. बावीस वर्षं तो टेलिफोनच्या खांबांवर चढत होता. कमरेला पट्टा, कानाला चाचणीचा फोन, आणि वायर नेमकी कुठे तुटली आहे ते खांबाखांबाने शोधत जायचं. बिघाड सापडल्याशिवाय तो घरी जात नसे. मग टेलिफोनचं ऑफिसच बंद पडलं. पंचेचाळिसाव्या वर्षी नेट कंपनीच्या ठेकेदाराने त्याच्या हातात एक पिशवी दिली आणि सांगितलं, दिवसाला आठ तक्रारी. आठ तक्रारींत खांबाखांबाने जाणं बसत नाही. टाचणी बसते.

दुसरा एक नियम त्याने आपणहून केला होता. घरातली कहाणी ऐकायची नाही. लोक नेटची तक्रार सांगता सांगता सुनेची सांगायला लागतात आणि तोवर पुढच्या घरातून दोन फोन येऊन जातात. त्यामुळे दार उघडलं की तो ‘राउटर कुठाय’ एवढंच विचारी आणि समोरचा माणूस बोलत असतानाच त्याचा हात कॉलरकडे जाई. त्याची बायको म्हणायची, “माणसांना असं भोक असतं तर तुम्ही माझ्यापासून सुरुवात केली असती.” तो हसायचा. त्याला ते लागायचंही, पण हसून वेळ निभावता येते.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता तो एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेला. फोनवर आलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘नेट ये-जा करतं.’ चिठ्ठीची दुसरी ओळ वाचायची तर ‘अधिक’ या शब्दावर बोट ठेवावं लागतं. त्याने कधीच ठेवलं नव्हतं. पहिल्या ओळीत काय ते कळतं.

दार पन्नाशीच्या एका बाईंनी उघडलं. हाताला कणिक लागलेली. राउटर बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारच्या फळीवर होता, खाली चौकोनी रुमाल घातलेला, वर धुळीचा कण नाही. एवढी निगा लोक देवाचीही राखत नाहीत, असं त्याच्या मनात आलं. त्या म्हणाल्या, “बसा भाऊ, मी गॅस बंद करून आले. तुम्हाला एक सांगायचंय.” आणि स्वतःचा फोन त्याच्या हातात ठेवून आत गेल्या.

सांगायचंय म्हणजे कहाणी. त्याने टाचणी काढली, भोकात घातली आणि दहापर्यंत मोजलं. दिवे विझले, एक एक करून परत लागले. त्याने बाईंच्या फोनवरचं जुनं नाव निवडून ‘विसरा’ वर बोट दाबलं, म्हणजे नवं जोडताना घोळ नको. त्या हात पुसत बाहेर आल्या तेव्हा तो नव्या नावाची पहिली अक्षरं टाइप करत होता.

“नाव तेच राहील ना?” त्यांनी विचारलं. “मी तुमच्या ऑफिसात सांगितलं होतं. दोनदा. नाव आणि पासवर्ड बदलायचा नाही म्हणून.”

“नाव काय, म्हणाल ते देऊ. पासवर्ड सांगा.”

“तो मला नाही माहीत. मुलाने घातलेला आहे.”

“मग मुलाला फोन करा.”

त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते टाचणीने आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं, कारण तोवर आपण काय पुसून बसलोय ते त्याच्या ध्यानात आलं होतं.

मुलगा चोवीस वर्षांचा. शिक्षण अर्धवट सोडून घरीच कॉम्प्युटरवर काहीबाही कामं करायचा. वडिलांशी रोज ताटावर वाजायचं. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी लॅपटॉप आणि दोन कपडे घेऊन गेला. कुणाचा फोन उचलत नाही, कुठे राहतो कुणाला ठाऊक नाही. पण कधीतरी त्यानेच आईच्या फोनवर एक सोय करून दिली होती. घराच्या नेटवर कोणकोणती उपकरणं आहेत त्याची यादी दिसायची: टीव्ही, आईचा फोन, त्याचा फोन. तो गेल्यावर तिसाव्या दिवशी दुपारी त्यांनी सहज ती यादी उघडली, तर त्याच्या फोनचं नाव यादीत होतं.

“मी आधी घरभर शोधलं,” त्या म्हणाल्या. “मग खिडकीतून पाहिलं. समोर बस थांबा आहे ना, तिथे बाकावर बसला होता. आपलं नेट तिथवर पोचतं. त्याचा फोन आपोआप जोडला जातो, त्याच्याही लक्षात येत असेल. मी धावत खाली गेले. त्याने मला पाहिलं आणि आलेल्या बसमध्ये चढला. मग दोन महिने आला नाही.”

त्यानंतर त्या कधी खाली गेल्या नाहीत. महिन्यातून एकदा, कधी दोनदा, दुपारच्या वेळी ते नाव यादीत येई. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. त्या पडद्याआडून बघत. तो वर बघत नसे. नाव यादीतून गेलं की त्या कामाला लागत.

“जिवंत आहे, एवढं मला त्यातून कळतं,” त्या म्हणाल्या. “तेवढंच आहे माझ्याकडे.”

टाचणीच्या हातात त्यांचा फोन होता. पाच मिनिटांपूर्वी त्या फोनला तो पासवर्ड माहीत होता. जरा चाळलं असतं तर त्याने दाखवलाही असता. आता त्यात काही नव्हतं. बाईंचे यजमान साधा बटणांचा फोन वापरत. लॅपटॉप मुलाबरोबर गेलेला. टाचणीने खोलीभर नजर फिरवली आणि ती टीव्हीवर थांबली.

“टीव्हीला पाठ असेल,” तो म्हणाला. “पण टीव्ही तो दाखवत नाही. आपण जुनं नाव ठेवून अंदाजाने पासवर्ड घालत राहायचं. बरोबर निघाला तर टीव्ही आपोआप जोडला जाईल. चुकला तर नाही म्हणेल. दुसरा मार्ग नाही, ताई.”

त्याने जुनं नाव बाईंना विचारून अक्षर अन् अक्षर तसंच घातलं आणि स्वतःचा लॅपटॉप उघडला. त्या दिवशीच्या उरलेल्या पाच तक्रारींचे फोन येत राहिले. त्याने आवाज बंद केला.

आधी मुलाची जन्मतारीख घातली. दर वेळी राउटर दोन मिनिटं घ्यायचा, मग टीव्हीच्या कोपऱ्यात एक गोल फिरायचा आणि खाली अक्षरं यायची, जोडता आलं नाही. बाईंचा फोन नंबर. शाळेचं नाव. लहानपणी पाळलेल्या कुत्र्याचं नाव आणि इमारतीचा नंबर. आठ अक्षरांहून कमी चालत नाही, म्हणून पुढे-मागे आकडे लावून परत सगळं. सव्वातीन वाजले. पावणेचार झाले.

“त्याला खेळाडू कोण आवडायचा? सिनेमा? कसला नाद होता?”

बाई विचार करत राहिल्या. कपाळावर कणकेचा एक पट्टा वाळून गेला होता. “भाजीत मीठ कमी लागायचं त्याला,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच कळलं की याचं उत्तर हे नव्हे. “बाकी मला काहीच माहीत नाही हो. दार लावून बसायचा. मी ताट आत नेऊन द्यायचे.”

“वडिलांना विचारायचं का?”

“ह्यांना माहीत नाही तो येतो ते,” त्या म्हणाल्या. “आठ महिने त्याचं नाव नाही निघालं या घरात. सांगितलं तर हे खाली जाऊन उभे राहतील, आणि मग तो कधीच यायचा नाही.”

पण शेवटी बाईंनीच यजमानांना फोन केला. सव्वाचारला यजमान आले. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम. दोन्ही बाह्यांवर पांढरी पूड, डोळ्यांवर स्वतःचा जाड चष्मा. बाईंनी उभ्या उभ्या सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरूनही घेतलं नाही.

“तो येतो?” त्यांनी विचारलं.

“येतो. खाली बसतो.”

“कधीपासून?”

“गेल्यापासून.”

ते खिडकीशी गेले, बस थांब्याकडे पाहिलं. बाक रिकामा होता. बराच वेळ त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मग ते येऊन टाचणीच्या शेजारी बसले.

“इंग्रजी अक्षरांतच असतो ना?”

“हो.”

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि एका बोटाने, अक्षर शोधत, नऊ अक्षरं टाइप केली. पडद्यावर ती उघडी दिसत होती. त्यांनी लिहिलं होतं, फुकटखाऊ.

टीव्हीच्या कोपऱ्यात गोल फिरला आणि थांबला. टीव्ही जोडला गेला.

बाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. यजमान उठून मोरीत गेले आणि नळ सोडून हात धुऊ लागले. खूप वेळ धूत होते. टाचणी त्या नऊ अक्षरांकडे बघत बसला. जेवणाच्या ताटावर रोज कानावर पडणारा शब्द त्या पोराने कुठे नेऊन ठेवला होता ते आता तिघांपैकी दोघांना कळलं होतं. आठ महिने तो शब्द या आईच्या फोनमध्ये होता आणि तिने त्याच फोनला उराशी धरून दुपारी काढल्या होत्या.

“काय होता?” बाईंनी विचारलं.

“आकडे आणि अक्षरं, मिसळून,” टाचणी म्हणाला. “लक्षात राहण्यासारखा नाही.”

“मग लिहून द्या. परत असं व्हायला नको.”

पांढऱ्या पट्टीवर पासवर्ड लिहून राउटरच्या पोटाला चिकटवायची त्याची रीतच होती. हजारभर घरांत त्याच्या अक्षरातल्या पट्ट्या असतील. त्याने पट्टी काढली, पेन काढलं आणि परत खिशात घातलं. “आता लिहायचं नाही असा नियम आलाय, ताई. काही झालं तर मला फोन करा. ऑफिसला नको, मला.” त्याने स्वतःचा नंबर दिला. बावीस वर्षांत आणि त्यानंतरच्या सातातही असं त्याने कुणाला दिलं नव्हतं.

जायच्या आधी राउटर फळीवर सरकवताना त्याचे दिवे गेले आणि परत आले. भिंतीतली पिन खोबणीत सैल झाली होती. तोच बिघाड. त्याने पिन शेजारच्या खोबणीत घातली. वीस सेकंदांचं काम. टाचणीची गरजच नव्हती.

आणि मग, सगळं ठीक आहे ना हे पाहायला, त्याने राउटरच्या नोंदींचं पान उघडलं. कोण जोडलं गेलं, कुणाला नकार मिळाला, ते वेळेसकट तिथे लिहिलेलं असतं. टीव्हीला मिळालेले नकार ओळीने होते. त्यांच्यामध्ये तीन नकार दुसऱ्याच कुणाचे होते. तीन चाळीस, तीन चाळीस, तीन एकेचाळीस. एक फोन होता तो.

परका फोन आपोआप येऊन दार वाजवत नाही. ज्याला हे नाव ओळखीचं आहे तोच येतो.

“ताई, हा पासवर्ड आणखी कुणाला दिला होता का? शेजारी, पाहुणे?”

“नाही. जायच्या आठवडाभर आधीच त्याने बदलला होता. माझा फोन, त्याचा फोन आणि टीव्ही, बस. का हो?”

“काही नाही,” टाचणी म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

तो मुलगा येऊन गेला होता. बाई आणि टाचणी इथे त्याच्या कुत्र्याचं नाव घालून बघत होते तेव्हा तो खाली बाकावर बसला होता. नाव ओळखीचं दिसत होतं आणि फोन त्याला सांगत होता, पासवर्ड चुकीचा आहे. घराने कुलूप बदललं, याखेरीज त्याने दुसरं काय समजावं? बरेच फोन असा नकार मिळाला की परत आपोआप विचारतही नाहीत. माणसाचं तर सोडूनच द्या.

दोन महिने गेले. बाईंचे फोन येत. “भाऊ, नेट चांगलं चालू आहे. पण तो दिसत नाही.” टाचणी जाई, राउटर तपासल्यासारखं करी, एखादी पिन काढून घाली. यजमानांची दुपारची सुट्टी आता घरीच जात होती. ते यादी बघत बसत. तिसऱ्या खेपेला बाई त्याला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “त्या दिवशी बंद होतं तेवढ्यात तो आला असेल का हो?”

“भर दुपारी कशाला येईल,” टाचणी म्हणाला. तो दुपारीच यायचा हे त्यांनीच त्याला सांगितलं होतं.

टाचणीची झोप उडाली. बायकोने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. ती नेहमीसारखी थट्टा करेल म्हणून त्याने वाट पाहिली, पण ती म्हणाली, “जाऊन खरं सांगा त्यांना. त्या दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःला दोष देत असतील.” तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकही तक्रार न घेता निघाला.

इमारतीसमोर उतरल्यावर पाय जिन्याकडे वळेनात. पाच मिनिटं बाकावर बसून शब्द जुळवावेत असं त्याने ठरवलं. बसल्यावर जुनी सवय जागी झाली. इथवर सिग्नल खरंच पोचतो का, हे आपण कधी तपासलंच नाही. खांबावरचा माणूस आधी टोकाला जाऊन बघतो. त्याने फोन काढला, नाव शोधलं आणि ती नऊ अक्षरं स्वतःच्या बोटाने लिहिली. एक दांडी आली, मग दोन. पोचत होता.

त्याने मान वर केली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा पडदा हलला.

टाचणीला आधी काही उमगलं नाही. मग उमगलं. यादीत एक नवा फोन आला होता. बाईंनी तो पाहिला होता. नवा फोन घेतला असेल त्याने, म्हणून जुनं नाव दिसत नसेल. असंच वाटलं असणार. या दोन महिन्यांत झाडाची फांदी वाढून बाकावर आली होती, आता खिडकीतून बसलेल्या माणसाचे फक्त पाय दिसत असणार. त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. साधी काळी पँट, साधे बूट. कुणाचेही असतील.

उठून वर जावं आणि सांगावं, तो मी आहे. किंवा फोन बंद करावा. दोन्हींपैकी एकही त्याच्याने होईना. पडदा एका बाजूने बोटभर सरकलेला होता आणि तसाच राहिला. ती बाई आत श्वास धरून उभी असणार, खाली न जायचं ठरवून. टाचणी पाय न हलवता बसून राहिला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. बस आली तेव्हा फांदीच्या आडोशानेच तो तिच्यात चढला. तिकीट कुठलं काढलं ते त्याला नंतरही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला.

“भाऊ, नेटला काही झालेलं नाही. तुम्हाला उगाच त्रास दिला इतके दिवस. काल आला होता तो. नवीन फोन आहे. ह्यांनाही दाखवला यादीत. हे रडले हो. लग्नापासून रडताना पाहिले नव्हते.”

“बरं झालं, ताई,” टाचणी म्हणाला.

“मी गेले नाही खाली. ह्यांनाही नाही जाऊ दिलं. येईल ना तो परत?”

टाचणीने फोन दुसऱ्या कानाला लावला. स्वयंपाकघराच्या दारातून बायको त्याच्याकडे बघत होती.

“येईल,” तो म्हणाला.

आता तो महिन्यातून एकदा, कधी दोनदा, त्या थांब्यावर जातो. त्या भागात तक्रार असो वा नसो. त्यांच्या घरात भिंतीवर मुलाचा एक फोटो आहे, तो त्याने नीट बघून ठेवला आहे. थांब्यावर येणाऱ्या प्रत्येक तरण्या पोराचं तोंड तो न्याहाळतो. तो सापडला तर त्याला सांगायचं आहे की नाव तेच आहे, पासवर्डही तोच आहे, तुझ्या बापाने तो स्वतःच्या बोटाने लिहिला; एकदा परत जोडून बघ. अजून कुणी सापडलेलं नाही. टाचणी फांदीखाली पाय जुळवून बसतो, फोन सुरू ठेवतो आणि पंधरा मिनिटं मोजतो. वर पडदा सरकतो. त्यामागे आता दोघंही उभी असतात.